बोलीचे अकरा जण

सूनबाईने त्या ऑफिसात नोकरी धरली तेव्हा तिच्या मैत्रिणींनी कपाळाला हात लावला. "अगं, घरी सासू कमी पडते म्हणून ऑफिसातही तीच?" असं एकीने तोंडावर विचारलं. सूनबाई हसून म्हणाली, की घरी त्या मला कधी काही शिकवायला येत नाहीत, मग ऑफिसात कशाला येतील? हे अर्धंच खरं होतं. घरी सासूबाई कुणालाच काही सांगत नसत. ऑफिसात मात्र गेल्या अठरा वर्षांत त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता.

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरचा मजला. तीन खोल्या, सात माणसं आणि एकदा उघडली की बंद न होणारी एक खिडकी. तिथे एक फ्रेमवर्क तयार होत असे. फ्रेमवर्क म्हणजे काय, तर घराचा सांगाडा. खांब, तुळया, जिना आयता मिळतो. भिंती उभारायच्या आणि रंग द्यायचा तो ज्याचा त्याने. ऑफिसात सगळे त्याला सांगाडाच म्हणत. या सांगाड्यावर लोक बोलके फलक बनवत. कुणाला जन्मापासून बोलता येत नाही, कुणाची वाचा आजारात गेली. अशा माणसाने पडद्यावरचं चित्र दाबायचं आणि त्याच्या वतीने कॉम्प्युटरने बोलायचं.

हा सांगाडा सासूबाईंनी एकहाती उभा केला होता. आतला गाभा सी या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला. पण फलक बनवणारे कोण? शिक्षिका, नर्सा, कुणाकुणाचे आईवडील. त्यांना सी कुठून येणार? म्हणून सासूबाईंनी त्यांच्यासाठी एक छोटी भाषाच घडवली आणि तिचं नाव ठेवलं बोली. बोलीत लिहायचं, "चित्र पाणी दाबलं की म्हण मला पाणी हवंय", की काम झालं. त्या काळी लोकांनी ही भाषा डोक्यावर घेतली होती. शाळाशाळांतून आलेली पत्रं सासूबाईंच्या कपाटात अजून होती, पण ती त्यांनी कधी कुणाला दाखवली नाहीत. सूनबाईला ती एकदा स्टेपलर शोधताना सापडली.

सूनबाईला घेतलं होतं ते फोनच्या कामासाठी. मुलाखत व्यवस्थापकांनी घेतली आणि नातं त्यांना कळलं ते नेमणुकीचं पत्र हातात दिल्यावर. ऑफिसात "मॅडम"च म्हणायचं असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. तिसऱ्याच दिवशी भर मीटिंगमध्ये तिच्या तोंडून "आई, ती फाइल कुठे ठेवलीत?" असं निघून गेलं, आणि त्या दिवसापासून सगळं ऑफिस सासूबाईंना आई म्हणू लागलं. त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले हिशेबनीससुद्धा.

एका सकाळी वाचा-उपचार केंद्रातल्या थेरपिस्ट बाई भलीमोठी पिशवी घेऊन जिना चढून आल्या. दम खाऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून एकेक यंत्र काढलं आणि टेबलावर मांडलं: विंडोजचा जुना लॅपटॉप, एक टॅब्लेट, दोन निरनिराळ्या जातींचे फोन, आणि कुणीतरी केंद्राला भेट दिलेला लिनक्सचा डबा. पाचांवर त्यांनी एकच फलक उघडला. लॅपटॉपवर तो छान दिसत होता. टॅब्लेटवर चित्रं एकमेकांच्या अंगावर चढली होती. एका फोनवर जोडाक्षरं फुटून त्यांचे तुकडे झाले होते, दुसऱ्यावर फलक उघडायलाच तयार नव्हता. लिनक्सच्या डब्यावर सगळं नीटनेटकं होतं, फक्त आवाज नव्हता.

"हा तर माझ्या पेशंटपेक्षा मुका आहे," बाई म्हणाल्या. "पेशंटकडे एक फोन, त्याच्या मुलीकडे दुसरा, आमच्याकडे हा लॅपटॉप. फलक एकच पाहिजे ना? आणि आई, रागावू नका, पण आणखी एक सांगते. आमच्याकडे दोन नव्या मुली लागल्यात. कॉलेजात पायथन शिकून आल्यात. त्यांना म्हटलं बोली शिका, तर म्हणतात, ती शिकून पुढे उपयोग काय?"

सासूबाई कपात चहा ओतत होत्या. त्यांनी कप बाईंपुढे सरकवला आणि म्हणाल्या, "बिस्किट घ्या."

बाई गेल्यावर व्यवस्थापकांनी सूनबाईला आत बोलावलं. माणूस सज्जन, पण सासूबाईंसमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. ते म्हणाले, "सगळ्या यंत्रांवर सारखं चालेल असं काय करता येईल, तुम्ही आराखडा करा. आणि बोलीचं काय करायचं तेही तुम्हीच... म्हणजे तुम्ही कशा, घरच्या."

सूनबाईने काम मनावर घेतलं. दोन वर्षांचं सगळं टपाल तिने चाळलं आणि बोलीत अजून कोण लिहितंय ते मोजलं. अकरा जण. बाकीचे आयते फलक वापरत होते, नाहीतर केव्हाच सोडून गेले होते. मग तिने ठरवलं, की हे सगळं गाभ्यासकट पाडायचं आणि एकाच नव्या भाषेत पुन्हा उभं करायचं. ती भाषा अर्थात तिची आवडती होती. सहा वर्षं ती त्याच भाषेत फोनची ॲपं लिहीत आली होती आणि तिच्यातून फोनवर, कॉम्प्युटरवर, कुठेही जाता येत होतं. आराखडा देखणा झाला. प्रश्न एवढाच, की तो सांगायचा कसा.

तिचा नवरा दातांचा डॉक्टर. तिने त्याला गळ घातली, "अरे, तू जरा आईंच्या कानावर घालून ठेव ना."

"मी दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतो," तो म्हणाला, "तुम्हा दोघींच्या मध्ये तोंड घालायला मला सांगू नकोस."

शेवटी तिने भर मीटिंगमध्येच सांगितलं. सुरुवात केल्यावर थांबली नाही. वीस मिनिटं बोलली. बोलीचं नाव काढताना तिने सासूबाईंकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहत आकडा सांगून टाकला. सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला.

"अकरा जण कोण कोण, ते लिहून आणलंयस?"

"हो."

"दे इकडे."

त्यांनी कागदाची घडी केली, चष्म्याच्या डबीत ठेवली आणि डबी पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवसापासून चार दिवसांची रजा टाकली. अठरा वर्षांत त्यांनी अशी रजा कधी घेतली नव्हती. ऑफिसात कुजबुज सुरू झाली, की आई दुखावल्या. घरी तर आणखी अवघड. सासूबाई सकाळी पाण्याची बाटली घेऊन बाहेर पडत, संध्याकाळी सुजलेले पाय घेऊन परत येत, जेवून आडव्या होत. कुठे जाता असं विचारायचा धीर कुणाला होईना. सूनबाईचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहायचा. आपण बरोबर आहोत याची तिला खात्री होती, आणि तरी तिला आपण चोरी केल्यासारखं वाटत होतं.

पाचव्या दिवशी सासूबाई ऑफिसात आल्या, सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "बोली बंद करू."

सूनबाईला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिचे डोळेच भरून आले.

"अकरातल्या सात जणांकडे जाऊन आले. चौघं लांब राहतात, त्यांच्याशी फोनवर बोलले. एक दिवस केंद्रात नुसती बसून होते. कोण काय वापरतं, ते बघत." सासूबाईंनी एक शाळकरी वही काढली. "हिचं म्हणणं खरं आहे. नवी माणसं बोलीकडे येणार नाहीत, आणि का यावं त्यांनी? त्यांना येणाऱ्या भाषा आता भरपूर आहेत. तेव्हा बोलीची गरज होती, म्हणून केली. पण हिच्या आराखड्यात एक खोट आहे."

सूनबाई सावरून बसली.

"तू माझी भाषा काढतेयस, ते बरोबर. पण तिच्या जागी तुझी बसवतेयस. लोकांनी इतकी वर्षं माझी शिकली, आता तुझी शिकायची. त्यांच्या दृष्टीने बदललं काय?"

बोलण्यात राग नव्हता. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं. पण सूनबाईला तोंडात मारल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं आणि इतक्या दिवसांत तिच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. तिने आराखड्यात कारणांची चार पानं भरली होती. त्यात फलक कोण लिहितं, हे एका ओळीतही नव्हतं.

सासूबाईंनी वही टेबलावर पसरली. पानापानावर बारीक अक्षरात नोंदी होत्या: हिच्याकडे कुठला फोन, त्याच्याकडे कुठला कॉम्प्युटर, कुणाला काय लिहिता येतं, कुणाला काय शिकायची भीती वाटते. त्यांचं म्हणणं असं, की गाभा सीमध्येच राहू द्यावा, कारण सी झाडून सगळ्या यंत्रांना कळते. पण तो चांगला सोलून काढावा. पडदा कसला, बटण कसलं, अक्षर कसं दिसतं, यातलं काहीही त्या गाभ्याला ठाऊक नको. प्रत्येक यंत्रासाठी एक पातळ थर लिहावा, आणि त्याने त्या यंत्राची स्वतःचीच बटणं, स्वतःचीच अक्षरं, स्वतःचाच आवाज वापरावा. गाभ्याला हाक मारायच्या, म्हणजे त्याच्याकडून काम करून घ्यायच्या, रीती मोजक्या आणि पक्क्या असाव्यात. त्यांनी त्या लिहूनही आणल्या होत्या, त्रेचाळीस. "ज्याला जी भाषा येते तिच्यातून त्याने हाक मारावी. उत्तर एकच यायला पाहिजे. पायथन आणि जावास्क्रिप्टपासून सुरू करू, कारण मला भेटलेल्या माणसांना त्या येतात. पुढे दुसऱ्या येतील."

सूनबाईने त्या त्रेचाळीस ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. एक ओळ उगीच नव्हती, एक कमी नव्हती. तिने मोठ्या कंपनीत, मोठ्या मोठ्या पदव्यांच्या माणसांबरोबर कामं केली होती, पण इतकं स्वच्छ लिहिलेलं काही तिच्या पाहण्यात आलं नव्हतं. आपला आराखडा तिने हळूच मिटून मांडीवर घेतला.

"फोनचे दोन्ही थर मी करते," ती म्हणाली.

"तूच करणार. मला कुठे येतात?" सासूबाई म्हणाल्या.

मग कामाला जुंपून घेतलं सगळ्यांनी. थेरपिस्ट बाईंची पाच यंत्रं लांब टेबलावर ओळीने मांडली, आणि कुठलाही बदल पाचांवर एकसारखा चालल्याशिवाय झाला म्हणायचा नाही, असं ठरलं. एकावर बसवावं तर दुसऱ्यावर उसवायचं. टॅब्लेटची चित्रं ताळ्यावर आणता आणता सूनबाईच्या नाकी नऊ आले. सासूबाई सकाळी येऊन स्वतःचाच कोड कापायला बसत. एकतीस हजार ओळींचा गाभा होता, तो त्यांनी नऊ हजारांवर आणला. एका जागी त्यांनीच अठरा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं सापडलं: "हे असं का, ते मला माहीत आहे. नंतर लिहीन." त्या मोठ्याने हसल्या. "आता मलाही माहीत नाही," असं म्हणून त्यांनी तो तुकडा उडवला. दिवसभर पाची यंत्रांवर तपासलं. काही बिघडलं नाही.

चौथ्या महिन्यात पहिला फलक केंद्रात गेला. तिथे एक बसड्रायव्हर उपचारांना येत असत. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती. त्यांच्या साध्याशा फोनवर फलक बसवला, आणि एक विचित्र गोष्ट सुरू झाली. ते चित्र दाबत, आवाज यायला किंचित उशीर होई, ते पुन्हा दाबत, आणि मग फोन म्हणे, "मला नको. मला नको." ड्रायव्हरांनी वैतागून फोन गादीवर फेकला. सूनबाईला वाटलं, हे आपल्याच थरात काहीतरी चुकलंय. तीन दिवस डोळ्यांत तेल घालून तिने आपला कोड तपासला. ओळीमागून ओळ काढली, परत घातली. काही हाती लागेना. तिसऱ्या दिवशी दुपारी ती रडकुंडीला आली होती.

तेवढ्यात मधल्या खोलीतून सासूबाई उठून आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तीन दिवस ही पोरगी स्वतःची चूक शोधतेय. चूक माझी आहे. बोल म्हटल्याक्षणी यंत्र बोलतं, असं मी गाभ्यात धरून चालले होते. जुन्या कॉम्प्युटरांवर ते लगेच बोलायचं, म्हणून अठरा वर्षं कळलं नाही." मग सूनबाईकडे वळून विचारलं, "आता काय करायचं गं? फोनचं तुला कळतं."

सूनबाईने सुचवलं, की चित्र दाबताक्षणी त्याची चौकट रंग बदलेल, म्हणजे माणसाला कळेल की आपलं ऐकलंय; आणि आवाज सुरू होईपर्यंत दुसरं दाबणं धरायचंच नाही. सासूबाईंनी मान डोलावली आणि त्रेचाळिसांच्या यादीत चव्वेचाळिसावी ओळ घातली. सूनबाई त्यांच्याकडे बघत राहिली. आपली चूक सगळ्या ऑफिससमोर इतकी सहज सांगणारं माणूस तिने आजवर पाहिलं नव्हतं. तिला स्वतःला तरी ते जमलं असतं का, याची तिला शंकाच होती.

आता राहिले ते अकरा जण. त्यांचे फलक बोलीतून पायथनमध्ये आणून देणारं एक साधन सासूबाईंनी लिहिलं होतं. दहा जणांचं काम निर्वेध झालं. काहींना तर बोली सुटली याचा आनंदच झाला, आणि सासूबाईंनी तो हसत ऐकून घेतला. अकरावे होते एक घड्याळजी. वय सत्तरीचं. त्यांच्या लेकीला जन्मापासून बोलता येत नव्हतं. ती आता अडतीस वर्षांची झाली होती, आणि तिच्यासाठी त्यांनी चौदा वर्षं एकेक शब्द घालत नऊशे चित्रांचा फलक बोलीत लिहिला होता. आवाज लेकीच्या मामेबहिणीचा. ती दर दोन-तीन महिन्यांनी येऊन साठलेले नवे शब्द बोलून जायची.

सासू-सून दोघी मिळून त्यांच्याकडे गेल्या. पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्तीचं टेबल, आतल्या खोलीत कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरसमोर लेक विणकाम घेऊन बसलेली. सूनबाईने तिचा फलक फोनवर उघडून दाखवला. लेकीने विणकाम खाली ठेवलं, फोन हातात घेतला आणि तो घेऊन खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली, तिथून गॅलरीत. तिथून आवाज आला, "ऊन आहे. ऊन आहे." चौदा वर्षांत ती त्या कोपऱ्याबाहेर पहिल्यांदा बोलत होती.

घड्याळजींचा चेहरा उजळला. पण फलकाचं नवं लिखाण त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि मान हलवली.

"हे माझं लिहिणं नाही."

"काका, आहे तेच आहे, फक्त दुसऱ्या भाषेत," सूनबाई म्हणाली.

"असेल. पण हिला दर आठवड्याला नवा शब्द लागतो. उद्या काही हवं झालं तर तो मी यात कुठे घालू? या वयात दुसरी भाषा काही मला येणार नाही. आणि प्रत्येक शब्दासाठी तुमच्या दारात यायचं, ते हिलाच आवडणार नाही."

परतताना बसथांब्यावर दोघी बाकावर टेकल्या. बराच वेळ बस आली नाही.

"आई, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून उपयोग नाही," सासूबाई म्हणाल्या. "बोली ठेवू या असं मी म्हटलं, तर ती माझी हौस होईल. कुणी तोंडावर बोलणार नाही, पण होईल. काम तुझ्याकडे दिलंय. तू ठरव."

"एका माणसासाठी आख्खी भाषा?"

"दोघांसाठी," सासूबाई म्हणाल्या, आणि बस आली म्हणून उठल्या.

पुढचे दोन दिवस सूनबाई विचारात होती. तिसऱ्या दिवशी तिने बोलीचं जुनं पुस्तक कपाटातून काढलं. ज्या भाषेला काढून टाकायला ती निघाली होती, ती तिने धडपणे कधी वाचलीच नव्हती. आता वाचायला घेतली, आणि दुपारपर्यंत उठली नाही. एकूण सव्वीस शब्दांची भाषा. "दाबलं की", "म्हण", "थांब", "नाहीतर". ज्याने जन्मात कधी कॉम्प्युटरला हात लावला नाही, त्याचंही पाऊल कुठे अडखळू नये अशी बेतलेली. माणूस कुठे चुकेल ते आधीच ओळखून तिथे जागा सैल सोडलेली. चुकलंच तर यंत्र दटावत नसे, "इथे 'म्हण' राहिलं का?" असं विचारी. सूनबाईने पुस्तक मिटलं आणि ठरवलं. बोली आता वेगळी भाषा म्हणून सांभाळायची नाही. पायथनसारखीच तीही त्या चव्वेचाळीस हाकांवर उभी करायची, म्हणजे गाभा बदलला तरी तिला धक्का लागणार नाही. एकदा लिहिलं की पाची यंत्रांवर आपोआप चालेल.

हे करता आलं, कारण सासूबाईंनी त्या हाका कुठल्याच भाषेची मर्जी न राखता लिहिल्या होत्या; स्वतःच्या भाषेचीसुद्धा नाही. सूनबाईने तीन आठवड्यांत काम उरकलं, सहाशे ओळींत. त्यातली एकही ओळ सासूबाईंनी लिहिली नाही. अडलं तिथे सूनबाईने विचारावं आणि त्यांनी सांगावं, एवढंच. एकदा त्या म्हणाल्या, "हे मी केलं होतं त्यापेक्षा बरं झालंय," आणि पुन्हा आपल्या कामात बुडाल्या. सूनबाई मात्र दिवसभर हवेत होती.

सासू-सुनेच्या देखत घड्याळजींनी नवी बोली उघडली, भिंग लावलं, त्यात एक शब्द घातला आणि तो लेकीच्या फोनवर उमटला, तेव्हा ते नुसते "हं" म्हणाले. मग चौघं मिळून लोकरीच्या दुकानात गेले, कारण लेकीची लोकर संपली होती. नेहमी घड्याळजी पुढे होऊन बोलायचे आणि ती बोट दाखवायची. आज दुकानाच्या दारात तिने त्यांची बाही धरली. फोनवर एकामागून एक तीन चित्रं दाबली. मामेबहिणीच्या आवाजात फोन बोलला, "बाबा. बाहेर. थांबा."

घड्याळजी जागच्या जागी थांबले. लेक आत गेली. काचेतून दिसत होतं: दुकानदारीण काहीतरी विचारतेय, ही फोन पुढे करतेय, दुकानदारीण मान हलवून वरच्या फळीवरचे गुंडे काढतेय, ही ते परत ठेवायला लावतेय.

"हे वाक्य मी लिहिलं नव्हतं," घड्याळजी म्हणाले. "तिन्ही शब्द मी घातले होते. वाक्य तिचं आहे."

पाऊण तास झाला. म्हातारबुवा चुळबुळ करायला लागले. "एवढा वेळ काय करतेय आत?"

"बोलतेय," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईने तोंड फिरवलं आणि चालत्या रस्त्याकडे बघत राहिली. डोळे पुसलेले कुणाला दिसू नयेत म्हणून.

महिन्याभराने सांगाड्याची नवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली झाली. थेरपिस्ट बाईंच्या केंद्रातल्या दोन्ही नव्या मुली पहिल्याच आठवड्यात पायथनमधून फलक लिहू लागल्या. बसड्रायव्हरांचा मुलगा जावास्क्रिप्टमधून लिहू लागला. व्यवस्थापकांनी सूनबाईला माहितीपुस्तिकेतलं एक पान लिहायला सांगितलं, "कुठली भाषा निवडावी?" तिने आधी दोन पानं लिहिली, कुठली कशासाठी बरी, कुठली वेगवान, कुठलीचं काय खटकतं. वाचून पाहिली आणि काढून टाकली. शेवटी एकच वाक्य ठेवलं, "तुम्हाला जी येते ती," आणि खाली भाषांची नावं. त्यात बोलीही होती.

कागद तिने सासूबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, लाल पेनाने एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली आणि परत दिला.

"छापायला दे," त्या म्हणाल्या.